खुराच्या आतले शेवटचे पेर

टॅक्सिडर्मी, म्हणजे मेलेल्या प्राण्याचे कातडे सोलून, टिकवून त्याला जिवंतासारखे रूप देण्याची कला, शिकू लागलो तेव्हा खरे कौशल्य डोळे आणि चेहरा साधण्यात असते व पाय सोलणे हे केवळ श्रमाचे काम आहे, अशी माझी समजूत होती. ती सरावाच्या पहिल्याच दिवशी मोडली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातला मेलेला प्राणी परवानगीवाचून घरी आणता येत नाही, म्हणून मी बोकडाच्या पायांवर हात बसवला. ते पाय केस न जाळलेले हवे होते, आणि या मागणीने खाटकाला पडलेला प्रश्न अजून तसाच आहे.

खुराच्या प्राण्यात छेद पायाच्या मागच्या बाजूने घेतात, म्हणजे पुढे टाके नजरेत येत नाहीत. नळीच्या हाडावर मांस जवळजवळ नसते, त्यामुळे कातडे भराभर सुटते. अडते ते खुरापाशी. बोटाचे शेवटचे पेर खुराच्या डबीत घट्ट बसलेले असते आणि कातडेही खुराच्या वरच्या कडेला चिकटलेलेच ठेवायचे असते. म्हणून त्या पेराच्या वरचा सांधा बोटाने चाचपून, सुरीचे टोक त्यात शिरवून तो सोडवायचा आणि खूर आतल्या पेरासह कातड्याला राहू द्यायचा. सांध्याऐवजी हाडावर जोर लावला की सुरी घसरते आणि कातडे फाटते. माझे पहिले दोन्ही पाय असेच वाया गेले.

पंजाच्या प्राण्यात हेच काम कितीतरी किचकट होते. मांजराच्या पुढच्या पायाला पाच आणि मागच्याला चार बोटे असतात, म्हणजे एकूण अठरा बोटे शेवटच्या सांध्यापर्यंत उलटी करत न्यायची आणि नखी तेवढ्या शेवटच्या पेरासह ठेवायची. त्याहून वेळ खातात त्या तळव्याच्या गाद्या. त्यांच्या आत चरबी आणि चिवट तंतू असतात. ते आतून खरवडून गादी पातळ केली नाही, तर मीठ तिथवर पोहोचत नाही, कुजणे सुरू होते आणि काही दिवसांत बोटांच्या बेचक्यांतले केस झुबक्यांनी हाती येतात. मोठ्या पंजात नुसते औषध टोचून भागवणारेही असतात. मला ती पळवाट वाटते.

उंदीर-खारीसारख्या लहान प्राण्यांत मात्र घोट्याच्या खाली सोलतच नाहीत, कारण तेथे सुकू न शकेल इतके मांस नसते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली खानदेशापासून सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण सुरू केले आणि १९२३पर्यंत सुमारे ५०,००० नमुने जमवले. मांडून ठेवण्यासाठी नव्हे, तर अभ्यासासाठी जतन केलेल्या अशा कातड्यांत पायांची हाडे साफ करून आतच ठेवतात आणि त्यांना कापूस गुंडाळतात. मागच्या पंजाची लांबी मात्र सोलण्यापूर्वीच मोजून चिठ्ठीवर लिहावी लागते. सुकल्यावर पंजा आक्रसतो आणि नंतर घेतलेले माप कामाचे राहत नाही.

सशाच्या तळव्याला गाद्या नसतात, नुसते केस असतात, म्हणून मी पहिल्या पाळीव सशाचा एक पाय घाईने अर्धाच सोलून मीठ लावले. चौथ्या दिवशी त्याच पायाचे केस बोटांना चिकटून आले; उरलेले तीन पाय अजून कपाटात शाबूत आहेत.