दहा वाजेपर्यंतचा दिवा

कॉलेजच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लायब्ररीच्या मॅडमचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "गॅदरिंग, ट्रिप, जे आठवेल ते लिही." गॅदरिंग आठवतं, ट्रिपला मी कधी गेलो नाही. पण कॉलेज म्हटलं की मला आधी दिसते पहिल्या मजल्यावरची, जिन्याला लागून असलेली अभ्यासिका. म्हणून मी तिच्याबद्दलच लिहितो.

2002 साली मी एफवायबीकॉमला आलो. आमची तिसरी बॅच. तेव्हा कॉलेज म्हणजे शाळेच्या इमारतीतला एक मजला. सकाळी सात वीसला आमचे तास सुरू व्हायचे आणि साडेबाराला शाळेची पोरं दप्तरं घेऊन जिन्यात उभी असायची, की कधी एकदा ही मोठी माणसं बाहेर पडतात. एफवायला एकच तुकडी, साठेक मुलं-मुली. कोण कुठल्या सेक्टरात राहतं, कोणाचे वडील काय करतात, हे ऑफिसातल्या क्लार्कपासून सगळ्यांना ठाऊक.

आम्ही निम्मे तरी माथाडी वसाहतीतले. वडील वाशीच्या मार्केटात, गावं पाटण, जावळी, शिराळा अशी. बाकीचे घणसोली, बोनकोडे, जुहूगाव इथले आगरी-कोळी. माझ्या बाकावरचा मित्र कोपरखैरणे गावातला. पहिल्याच आठवड्यात त्याने मला खिडकीतून मैदान दाखवलं आणि म्हणाला, "ते गोलपोस्ट दिसतं ना, तिथं आमच्या आज्याचं भाताचं खाचर होतं." 1970 मध्ये सिडको आली, नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या, हे मी पुस्तकात वाचलं होतं. गोलपोस्टच्या जागी खाचर होतं हे त्या दिवशी कळलं. पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची फाइल आणि माझ्या वडिलांची, आबांची, माथाडी बोर्डाची पगार-स्लिप, ही दोन्ही कागदपत्रं आम्ही एकाच टेबलावर बसून वाचायला शिकलो. त्याच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट, माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि झुणका. अदलाबदल रोजची.

आता अभ्यासिकेकडे येतो.

आबा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगारांच्या टोळीत होते. गाड्या पहाटे लागायच्या, म्हणून ते साडेतीनला उठायचे. घर म्हणजे एक खोली आणि मोरी, माणसं सहा. आबांना झोप मिळावी म्हणून रात्री साडेआठला दिवा बंद व्हायचा. त्याबद्दल कधी कोणी कुरकुर केली नाही, मीही नाही. दिवसभर पन्नास पन्नास किलोच्या गोण्या पाठीवर घेतलेल्या माणसाला झोप लागते, तो आवाज ऐकला की दिवा लावायचं मनातच येत नाही.

एफवायला मी अकाउंट्समध्ये राहिलो. शंभरापैकी अठ्ठावीस. एटीकेटी घेऊन, म्हणजे राहिलेला विषय डोक्यावर ठेवूनच, एसवायला आलो. पुस्तक बदलायला लायब्ररीत गेलो तर मॅडमनी कार्ड हातात धरून ठेवलं आणि विचारलं, "तू पुस्तकं तर वेळेवर नेतोस. मग वाचतोस कुठं?" मी सांगितलं. त्या पुढे काहीच बोलल्या नाहीत. कार्डावर दोन पुस्तकं मिळायची, त्या दिवशी तिसरं दिलं.

चार दिवसांनी नोटीस बोर्डावर कागद लागला. अभ्यासिका संध्याकाळी सहा ते रात्री दहा उघडी राहील. चावी शिपाईमामांकडे. मामा कुटुंबासह तळमजल्यावरच्या खोलीत राहायचे. त्या चार तासांचे त्यांना कॉलेज वेगळे पैसे देतं का, हे तेव्हा आमच्या डोक्यातही आलं नाही. आता विचारलं तेव्हा कळलं की पहिलं वर्षभर देत नव्हतं.

खोली लहान होती. तीन लांब टेबलं, चोवीस खुर्च्या, चार ट्यूबलाइट, त्यातली एक सदा फडफडणारी. पावसाळ्यात उत्तरेच्या भिंतीला ओल यायची म्हणून ते टेबल आम्ही दोन हात पुढे ओढायचो. फरशीवर त्याच्या पायांचे ओरखडे पडले होते. माझी खुर्ची अकरा नंबरची. पाठीवर पांढऱ्या ऑइल पेंटने आकडा घातलेला, त्यातला दुसरा एक निम्मा उडालेला. पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं होतो. एप्रिलमध्ये जागा मिळेना, पोरं जिन्याच्या पायऱ्यांवर बसू लागली.

मुलींचा प्रश्न होता. रात्री पाठवायचं कसं, हा घरच्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मॅडम स्वतः दोन घरी जाऊन आल्या. मग दोघी यायला लागल्या, आणि मामी रोज संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसायला लागल्या. नऊ वाजता मामा त्या दोघींना घरापर्यंत सोडून यायचे. त्यातली एक पुढे सीए झाली. ती यावर स्वतः लिहीलच, पण मामींचं सूप मला इथे नोंदवायचं होतं.

एसवायपासून मी एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत होतो. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर. शिबिरात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला. गोण भरून खांद्यावर घेतली तेव्हा आबांचं काम मला पहिल्यांदा अंगाला कळलं. वीस गोण्यांतच मी बसलो.

फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागायचा आणि त्यासाठी ठाण्याला, मामलेदार कचेरीत. बसने ठाणे-बेलापूर रोडवरून कळव्यामार्गे जायला अख्खी सकाळ जायची. नोव्हेंबर 2004 मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि ठाणे एकदम शेजारी आलं. पुढच्याच रविवारी मराठीचे सर आम्हा आठ जणांना घेऊन ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. 1893 सालचं वाचनालय. सरांनी तासभर आम्हाला काहीच सांगितलं नाही, नुसतं कपाटांमधून फिरू दिलं. बाहेर पडल्यावर त्यांनी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली, बिल त्यांनीच दिलं.

आबा कॉलेजात एकदाच आले. टीवायच्या परीक्षेआधी, मार्चमध्ये. माझ्या फॉर्मवर सही हवी होती आणि मी कागद घरी विसरलो होतो, तो घेऊन ते कामावरच्या अवतारातच आले. संध्याकाळचे सात वाजले असतील. खांद्याला गोण्या उचलायचा हूक लटकवलेला, केसांत कांद्याची फोलं. अभ्यासिकेच्या दाराबाहेर उभे राहिले. आत येईनात. मी उठलो तर हाताने 'बस, बस' म्हणाले. मामांनी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि माझ्या शेजारच्या बारा नंबरच्या खुर्चीवर बसवलं. आबांनी हूक काढून टेबलाखाली पायाजवळ ठेवला. टेबलावरून एकदा तळहात फिरवला. मग मामांना हळूच विचारलं, "हितं दिवा कवर असतो?"

"दहापर्यंत."

"रोज?"

"रोज."

बाकी काही बोलले नाहीत. सही केली आणि गेले. त्यानंतर परीक्षा संपेपर्यंत मी दहानंतर घरी पोचायचो तेव्हा खोलीत अंधार असायचा, पण आबा जागे असायचे. आईने हे मला खूप उशिरा सांगितलं. जिन्यात माझ्या चपला वाजल्या की ते कुशीवर वळायचे.

अकाउंट्समध्ये टीवायला एक्काहत्तर मिळाले. मार्कशीट मी आधी मामांना दाखवली, कारण ते दारातच भेटले.

गेल्या वर्षी नवी इमारत पाहायला आलो. ग्रंथालय सुंदर झालं आहे, संगणक आहेत, एसी आहे. पण पाच वाजता बंद होतं. मी मुलांना विचारलं, घरी बसायला जागा आहे का? चौघांपैकी तिघांनी नाही म्हणून सांगितलं. वसाहतीतल्या खोल्यांवर माळे चढलेत, माणसंही वाढलीत.

म्हणून हे मनोगत लिहिताना संस्थेपुढे एक मागणी ठेवतो. रौप्यमहोत्सवाच्या वर्षापासून अभ्यासिका पुन्हा रात्री दहापर्यंत उघडी ठेवावी. त्या चार तासांसाठी लागणाऱ्या माणसाचा पगार, पहिल्या महिन्यापासून, आमच्या बॅचने द्यायचं ठरवलं आहे. विजेचं बिलही. मुलींना घरी सोडायची सोय काय करायची, यावर सीए झालेली आमची मैत्रीण मॅडमशी बोलते आहे. चोवीस खुर्च्यांपासून सुरुवात करू. जुन्यांपैकी सात अजून तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये आहेत, मी मोजून आलो. अकरा नंबरची त्यात आहे.