सर फिल्म मध्येच थांबवायचे

शैक्षणिक फिल्म म्हणजे मागून येणारा निवेदकाचा भारदस्त आवाज, अशीच आमची समजूत होती. मानसशास्त्राच्या सरांनी ती मोडून काढली. ते फिल्म स्वतः काढायचे, संकलनही स्वतःच करायचे. निवेदन मात्र जवळजवळ नसायचंच.

त्यांची पाण्याची फिल्म मला अजून जशीच्या तशी आठवते. दोन सारख्या ग्लासांत सारखंच पाणी. त्यातल्या एकातलं पाणी मुलासमोरच उंच, अरुंद ग्लासात ओततात आणि विचारतात, आता कशात जास्त? मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा हा प्रयोग पुस्तकात चार ओळींत उरकलेला असतो. सरांचा कॅमेरा मात्र मुलाच्या चेहऱ्यावरच होता. नजर उंच ग्लासाकडे जाते, परत येते, ओठ किंचित हलतात आणि मग बोट उंच ग्लासाकडे वळतं. दुसऱ्या कुणी ती शांतता कापून टाकली असती. सर नेमके तिथेच फिल्म थांबवायचे. “चूक की बरोबर ते राहू द्या. त्याने काय पाहिलं, ते सांगा.” त्यावर तासभर चर्चा रंगायची.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन हे त्यांचं दैवत. 1929 मध्ये येल विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लेविननी एक फिल्म दाखवली होती. एका लहानग्या मुलीला दगडावर बसायचंय. बसायचं तर दगडाकडे पाठ करायला हवी, आणि दगडावरून नजर काही हटत नाही, म्हणून ती त्याच्याभोवती फिरत राहते! लेविन बोलले जर्मनमध्ये, पण पडद्यावरचं सगळ्यांना कळलं, हे सांगताना सरांचा चेहरा खुलायचा.

मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमच्या आज्ञापालनाच्या प्रयोगाच्या 1962 च्या चित्रणाबद्दल बोलताना मात्र ते गंभीर व्हायचे. त्यात माणसांना दुसऱ्याला विजेचे झटके द्यायला सांगितलं जायचं. विजेचे झटके खोटे होते, पण भाग घेणाऱ्यांना ते खरे वाटत होते. त्यातल्या माणसांची तगमग सरांना बोचायची. म्हणूनच स्वतःची प्रत्येक फिल्म ते आधी मुलाच्या आईवडिलांना दाखवत. एका आईने नको म्हटलं, तर ती चांगली जमलेली फिल्मही वर्गात कधी लागली नाही. माझ्या मते सरांचा सर्वांत मोठा धडा हाच होता.

महोत्सवी वर्षात शाळेला एकच विनंती आहे. सरांच्या फिल्म्सच्या डिजिटल प्रती करून घ्याव्यात. रीळं जुनी झाली की चित्र विटत जातं, त्यामुळे हे काम लवकर व्हायला हवं. खर्चाचा वाटा उचलायला आमची तुकडी तयार आहे.