आमची वाटचाल : लॉनकडून रुईकडे

पुण्यात मेट्रोचे खांब उभे राहू लागले, त्या सुमारास आम्ही दोघांनी नोकऱ्या सोडून बागा करून देण्याची फर्म काढली. मी बॉटनीची, भागीदार सिव्हिलचा. कामं यायची ती बाणेर, बालेवाडी, वाकडच्या नव्या सोसायट्यांची, आणि सगळ्यांची मागणी जवळपास एकच: गेटपाशी पाम, मधे मेक्सिकन लॉन, कडेला फायकस, क्लबहाउससमोर पेटुनियाचे वाफे. रोपं सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांतून उचलायचो. त्यांच्याकडेही पुष्कळसा माल राजमुंद्रीहून ट्रकने उतरलेला असतो. पैसे वेळेवर मिळत, बाग हिरवीगार दिसे. पण सतत कापलेल्या लॉनला फुलं येणार कधी? दुपारभर तिथे थांबलं तरी एक माशी फिरकायची नाही.

देशी झाडांचं पहिलं काम पाषाणच्या एका बंगल्याचं मिळालं. मालकीणबाईंची अट फुलपाखरांची नव्हती, पाण्याची होती. उन्हाळ्यात टँकर मागवून त्या कंटाळल्या होत्या. तेव्हापासून एक गोष्ट पक्की कळली, की परागीभवनाच्या नावाने कोणी चेक फाडत नाही, टँकरच्या बिलाच्या नावाने फाडतात. आजही कोटेशनमध्ये आम्ही पाण्याचा हिशेब आधी मांडतो.

त्या बागेत आम्ही बारा महिन्यांचं गणित बसवलं. फेब्रुवारी-मार्चला धायटी, एप्रिल-मेला बहावा, पावसाळ्यात मुरुडशेंग आणि तेरडा, पाऊस ओसरल्यावर खुळखुळा, थंडीत कोरांटी आणि अडुळसा. निर्गुडी तर वर्षातला बराच काळ फुलते. अडुळशावर काळे भुंगे येतात, म्हणून एक वाळकं ओंडकं मुद्दाम कोपऱ्यात ठेवलं. लाकूड पोखरून ते त्यात घर करतात. थोडी जमीन उघडी सोडली ती निळ्या पट्ट्यांच्या मधमाशीसाठी. ही माशी मातीत बीळ करते, आणि टोमॅटो-वांग्याच्या फुलाला लटकून अंग असं थरथरवते की पराग बाहेर सांडतो. पोळ्यातल्या मधमाशीला ते जमत नाही. गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्यांना हे सांगितलं की पेव्हर ब्लॉकचा आग्रह जरा सैल होतो.

रोपं मिळवणं हीच मोठी अडचण होती. धायटी मागितली की नर्सरीवाले बोगनवेल दाखवायचे. शेवटी मुळशीकडे ओळखीच्या शेतकऱ्याची थोडी जागा भाड्याने घेऊन रोपं स्वतःच तयार करायला लागलो. निर्गुडी काडीवर सहज येते. धायटीचं बी मात्र चहाच्या भुकटीपेक्षा बारीक. झारीने पाणी घातलं की वाहून जातं, म्हणून ट्रे खालूनच भिजवतो.

खरी कसोटी लागते ती अळ्यांच्या वेळी. कोथरूडच्या एका सोसायटीत आम्ही कुंपणालगत रुई लावली होती. शनिवारी मारुतीला रुईची माळ चालते, पण आवारात रुई दिसली की ‘रान माजलंय’ म्हणतात. तिच्यावर बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या आल्या, पानं चाळणीसारखी झाली, आणि चेअरमनकाकांचा फोन आला: “मॅडम, पैसे दिले फुलपाखरांचे, आणि तुम्ही आणल्या अळ्या!” मी म्हटलं, “काका, फुलपाखरू हवं तर अळीला जेवू घालावं लागेल. फवारणी तेवढी थांबवा.” त्यांनी थांबवली, कुरकुरत का होईना. पुढे कोष सापडल्यावर मुलांना घेऊन तेच दाखवत हिंडत होते.

“घाणेरीवरही फुलपाखरं असतातच की,” असं हमखास कोणीतरी म्हणतं. असतात, मध प्यायला. पण अंडी घालायला त्यांना आपापलं झाड लागतं: हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराला बांडगूळ, भटक्या नावाच्याला बहावा. नीलवंत २०१५ साली राज्याचं फुलपाखरू झालं, त्यालाही खूप मागणी असते. त्याच्या अळ्यांसाठी आम्ही लिंबू किंवा पपनस लावून देतो. नीलवंत येईलच असं लिहून देत नाही.

आग्या मोहोळाचा विषय अजून सुटलेला नाही. शिवाजीनगरला मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था १९६२पासून आहे, तरी दहाव्या मजल्यावर पोळं दिसलं की पहिला फोन पेस्ट कंट्रोलला जातो. आग्या माश्या हंगाम संपला की पोळं सोडून निघून जातात. वावर नसलेल्या उंच छज्ज्यावर पोळं असेल तर थांबा, असं आम्ही सांगतो. दारा-खिडकीशी असेल तर थांबा म्हणण्याची माझीही हिंमत होत नाही.

धंद्याचं म्हणाल तर लागवडीच्या बिलात फारसं काही उरत नाही, कारण देशी रोपं स्वस्त आणि लॉनसारखे स्क्वेअर फुटाचे पैसे लावता येत नाहीत. फर्म चालते ती देखभालीच्या करारांवर. त्यात फवारणी आम्हाला विचारल्याशिवाय नाही आणि मार्चमध्ये पानगळ झाली म्हणून झाड काढायचं नाही, हे आधीच सही करून घेतो. आमचे माळीदादा पूर्वी अळी दिसली की चपलेखाली घ्यायचे. आता फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि मला नाव विचारतात.

मध्यंतरी एका आयटी कंपनीने उद्घाटनाच्या तारखेला फुलपाखरं उडालेली हवीत म्हणून विचारलं, विकत आणून सोडली तरी चालतील म्हणाले. ते काम आम्ही घेतलं नाही. सध्या मुळशीत ईश्वरीच्या वेली वाढवतोय, त्यावर वाढणाऱ्या फुलपाखरांसाठी. जूनपर्यंत लावण्याजोग्या होतील. पाषाणच्या बाईंनी दोन आधीच सांगून ठेवल्यात.