भामरागडचा ताप

आलापल्ली मागे पडली की सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यावर चढून येतं. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकमेकींना मिळतात. पलीकडच्या काठावर छत्तीसगड. पावसाळा नुकताच सरला होता, म्हणजे तापाचे दिवस. हिवतापावर काम करणारा मित्र निघाला होता, त्याच्या गाडीत जागा होती, म्हणून मी.

माडियांच्या एका टोल्यावर आशाताईंनी एका पोराचं बोट धरलं. सुई टोचली, एक थेंब तपासणीच्या किटवर, एक फिल्टर पेपरवर. पोरगं रडलं नाही, माझ्या कॅमेऱ्याकडेच बघत राहिलं. कागदावरचा लाल ठिपका वाळून तपकिरी झाला की मित्राचं काम सुरू. त्यातून हिवतापाच्या परजीवीचा डीएनए काढायचा.

माणसाच्या रक्तात हा परजीवी नुसत्या स्वतःच्या नकला काढतो. त्याचं लग्न लागतं डासाच्या पोटात. डासाने प्यायलेल्या रक्तात दोन वाण असले तर पुढची पिढी मिश्र निघते. एकच असला तर घरातल्या घरात सोयरीक. आफ्रिकेत जिथे हिवताप दाट आहे, तिथे एकाच रुग्णात अनेक वाण सापडतात. ॲमेझॉनच्या काही भागांत मात्र वाण मोजकेच.

मग या दुर्गम टोल्यातही एकच वाण असणार? मी आशाताईंना विचारलं, इथली माणसं बाहेर जातात कुठे?

"अहो सर, मिरची तोडायला तेलंगणात. बायका-पोरं घेऊन. आणि सोयरे नदीपल्याड."

दुर्गम हा शब्द आपल्यासारख्या रस्त्याने येणाऱ्यांचा. मजुरांसोबत परजीवीही जातो-येतो, आणि औषधाला न जुमानणारा वाणही याच वाटेने येऊ शकतो.

मित्राला खरी धास्ती वेगळीच. फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाचा सगळ्यात घातक परजीवी, ओळखायला हे किट एचआरपी-२ नावाचं प्रथिन शोधतं. ज्या परजीवीत त्याचा जीनच गळालेला असतो, तो किटला बहुधा दिसतच नाही. असे परजीवी पेरूच्या ॲमेझॉनमध्ये सापडल्याचं 2010 साली प्रसिद्ध झालं. पुढे भारतातही काही ठिकाणी आढळले.

शेजारच्या झोपडीतल्या म्हातारीला सडकून ताप होता, किट मात्र निगेटिव्ह. तापाला कारणं पन्नास असतात, तरी आशाताईंनी काचपट्टीवर रक्त घेतलंच आणि मित्राने आणखी एक कागद पुढे केला.