गल्ल्यावरची संध्याकाळ

मावसबहिणीचं पोळी-भाजी केंद्र आहे डोंबिवली पूर्वेला, फडके रोडच्या जवळच. तिची मदतनीस आज आली नाही, म्हणून मी गल्ल्यावर बसले. सातपर्यंत माशा मारत होते. सव्वासातला एकदम वीस-पंचवीस माणसं! मग सामसूम. मग परत झुंड. तिसऱ्या खेपेला कळलं, हे लोकलचं टाइमटेबल आहे. ताई घड्याळही बघत नाही, "फास्ट आली वाटतं" म्हणते आणि तवा चढवते.

एकेकाळी दादरला दुकान टाकायचं तिच्या डोक्यात होतं. भाड्याचा आकडा ऐकला, विषय संपला. इथे गाळा परवडतो, पोळ्या लाटणाऱ्या बायका चालत येतात, दुपारी एमआयडीसीत डबे जातात. आणि सीएसएमटी इथून सुमारे ४८ किलोमीटर. नवरा-बायको दोघंही तासभर लोकलमध्ये लोंबकळून येतात, कणीक मळायचं त्राण कुणात असणार? उधारीही बुडत नाही, गिऱ्हाईक दोन गल्ल्या पलीकडेच राहतं. एका काकांनी कालचे सात रुपये आठवणीने आणून दिले.

(रस्त्यांबद्दल बोलत नाही, रडगाणं होईल.)

साडेनऊला भेंडी संपली. एक मुलगी धापा टाकत आली तेव्हा चारच पोळ्या उरल्या होत्या. ताईने घरच्या डब्यातलं पिठलं सोबत बांधून दिलं, पैसे फक्त पोळ्यांचे घेतले.

माझ्या हिशेबात बारा रुपये कमी येतायत. अजून शोधतेय.