कर्नलमधील काउंटर प्रत्येक सीपीयूला वाटून देताना : माझा अनुभव

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) ज्या नेटवर्क मॉड्यूलवर मी काम करत होतो, त्यात प्रत्येक पॅकेटची नोंद एका अ‍ॅटॉमिक काउंटरमध्ये, म्हणजे अनेकांनी एकदम वाढवला तरी मोजणी न चुकणाऱ्या काउंटरमध्ये, होत असे. एकदोन कोअरवर (कर्नलच्या दृष्टीने सीपीयूंवर) त्याचा भार जाणवत नव्हता. कोअर वाढवत गेलो, तसा मात्र प्रत्येक कोअरमागचा वेग उतरू लागला. कोअरमधली मेमरीची ओढाताण दाखवणाऱ्या ‘पर्फ सीटूसी’ या साधनाने मोजमाप घेतल्यावर कारण उघड झाले. सगळे कोअर एकाच कॅशे लाइनवर, म्हणजे प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीत एकत्र ठेवल्या जाणाऱ्या एकाच तुकड्यावर, लिहीत होते, आणि एकाने लिहिले की ६४ बाइटांची ती लाइन इतरांच्या कॅशेत बाद ठरून पुन्हा मागवावी लागत होती.

सीपीयूच्या क्रमांकानुसार साधा अ‍ॅरे ठेवणे हा सहज सुचणारा उपाय होता. पण आठ बाइटांचे आठ काउंटर एकाच लाइनमध्ये बसतात, म्हणजे मूळ दुखणे तसेच राहते. म्हणून काउंटर ‘डिफाइन पर सीपीयू’ या मॅक्रोने जाहीर केला. अशा चलाची प्रत्येक सीपीयूसाठी निराळी प्रत कर्नल स्वतः राखतो, आणि मूळ पत्त्यात त्या सीपीयूचा ऑफसेट (ठरलेले अंतर) जोडला की त्याच्या प्रतीचा पत्ता मिळतो.

खरा विचार करावा लागला तो काउंटर वाढवण्याच्या पद्धतीचा. ‘गेट सीपीयू व्हार’ने प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसरे सुरू करणे) बंद करायचे, काउंटर वाढवायचा आणि ‘पुट सीपीयू व्हार’ने ते पुन्हा चालू करायचे, ही पद्धत टास्कला (चालू कामाला) दुसऱ्या सीपीयूवर जाऊ देत नाही; परंतु वाचणे आणि लिहिणे यांच्या मध्येच इंटरप्ट (हार्डवेअरकडून आलेली तातडीची हाक) येऊन त्याने तोच काउंटर वाढवला, तर इंटरप्टने केलेली वाढ हरवू शकते. ‘धिस सीपीयू इन्क’ दोन्ही अडचणी सोडवते. एक्स८६-६४ (इंटेल-एएमडी पद्धतीच्या) प्रोसेसरवर ‘ऑब्जडंप’ने तयार झालेल्या मशीन सूचना काढून पाहिल्या, तेव्हा प्रीएम्प्शनची सगळी आवराआवर नाहीशी होऊन जीएस सेगमेंटच्या (चालू सीपीयूच्या प्रतींकडे नेणाऱ्या रजिस्टरच्या) आधारे चालणारी एकच सूचना उरलेली दिसली. पत्ता काढणे आणि वाढ करणे एकाच सूचनेत होत असल्यामुळे टास्क तिच्या आधी किंवा नंतर हलू शकतो, मध्ये नाही; इंटरप्टचेही तसेच. शिवाय त्या प्रतीवर दुसरा सीपीयू लिहीत नसल्याने लॉक प्रीफिक्सची, म्हणजे सूचना सर्व सीपीयूंसाठी अ‍ॅटॉमिक करणाऱ्या महागड्या उपसर्गाची, गरज उरत नाही. माझ्या मते या चलांची निम्मी किंमत इथेच वसूल होते, आणि ‘धिस सीपीयू पॉइंटर’ने आधी पत्ता काढून मग त्यावर काम करणारा ती विनाकारण सोडून देतो. पॅकेट, बाइट आणि त्रुटी अशी अनेक फील्ड एकदम बदलायची असतील, तर पॉइंटर योग्यच. मात्र तेव्हा प्रीएम्प्शन बंद हवे आणि इंटरप्टचाही विचार हवा.

हा लाभ सगळ्या प्रोसेसरांवर सारखा नाही. जिथे अशी सूचना नसते, तिथे ‘धिस सीपीयू इन्क’ची कर्नलमधील सामान्य आवृत्ती इंटरप्ट बंद करून वाढ करते. नावाआधी दोन अंडरस्कोअर असलेली आवृत्ती तो खर्च वाचवते, पण ती सुरक्षितता आधीच मिळालेली असेल तिथेच वापरता येते.

बेरीज करताना मी चालू सीपीयूंऐवजी सर्व संभाव्य सीपीयूंवरून फिरलो, कारण एखादा सीपीयू ऑफलाइन केला तरी त्याच्या प्रतीतील आकडा मोजणीत राहिलाच पाहिजे. नाहीतर एकूण संख्या अचानक घटलेली दिसते. ३२ बिटांच्या यंत्रावर ६४ बिटांचे मूल्य अर्धवट वाचले जाऊ नये, यासाठी कर्नलच्या ‘यू६४ स्टॅट्स सिंक’ या सोयीचा आधार घेतला. तरीही ही बेरीज एका क्षणाचे अचूक चित्र नसते. आकडेवारीसाठी तेवढे पुरते.

त्याच मॉड्यूलमधला चालू कनेक्शनांचा काउंटर मात्र मी अ‍ॅटॉमिकच ठेवला. प्रत्येक नवे कनेक्शन स्वीकारताना तो कमाल मर्यादेशी ताडून पाहावा लागतो, आणि दर वेळी सगळ्या सीपीयूंच्या प्रती वाचणे वाढ करताना बचत झालेल्या वेळेपेक्षा महाग पडले असते. मर्यादा थोडी सैल चालणार असती, तर प्रत्येक सीपीयूवर ठरावीक आकड्याची बॅच भरल्यावरच मुख्य आकड्यात भर घालणारा ‘पर सीपीयू काउंटर’ तिथे बसवता आला असता.