दोन पट्ट्यांचा फरक

अल्टिमा ऑनलाइन हा इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचा संगणकावरचा खेळ 1997 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला आणि आजही चालू आहे. त्यातल्या ब्रिटानिया नावाच्या जगात मी शिंपीण आहे. 2018 साली पैसे न भरता खेळण्याची सोय झाली तेव्हा मी तिथे दाखल झाले. त्या सोयीत स्वतःचे घर बांधता येत नाही, त्यामुळे माझे दुकान नाही; ब्रिटन शहरातल्या शिंप्याकडचा चरखा आणि माग वापरून मी काम करते आणि बँकेच्या दारात उभी राहून गिऱ्हाईक घेते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसहा झालेले असतात, म्हणून माझा धंद्याचा वेळ ऑफिसला जाण्यापूर्वीचा. या कामाला मी काम म्हणते, कारण त्यात माल लागतो, हात लागतो आणि दिलेला शब्द पाळावा लागतो.

त्या दिवशीची मागणी एका गिल्डची, म्हणजे खेळाडूंच्या संघाची होती. गिल्डप्रमुख बाई, दोन खेळाडू वस्तूंची देवघेव करतात त्या व्यवहाराच्या खिडकीत एक जुना पट्टा घेऊन आल्या. खांद्यावरून कमरेपर्यंत तिरका जाणारा हा पट्टा गिल्ड स्थापन करणाऱ्या एका खेळाडूचा होता, आणि तो खेळाडू खेळ सोडून गेला होता. आठ जणांना तशाच रंगाचा पट्टा आणि त्याच रंगाचा क्लोक, म्हणजे पाठीवर सोडलेला बिनबाह्यांचा झगा, हवा होता. आत पांढरा सदरा आणि काळपट विजार त्यांच्याकडे होतीच. अट एकच होती: जुन्या पट्ट्याला कात्री लावायची नाही.

हिशेब सोपा होता. पट्ट्याला 4 आणि झग्याला 14 असे प्रत्येकी 18 तुकडे कापड लागते. आठ जणांचे 144. एक तागा कापला की 50 तुकडे निघतात, म्हणून तीन तागे पुरले. एका ताग्याला मागावर सुताचे पाच गुंडे चढवावे लागतात आणि लोकरीच्या एका गठ्ठ्यातून तीन गुंडे सूत निघते, त्यामुळे पाच गठ्ठे लोकर कातून माझे काम झाले. सहा तुकडे उरणार होते. त्यातले चार घेऊन मी आधी एक नमुन्याचा पट्टा शिवला.

खरे काम रंगाचे होते. रंगाची पूड कापड रंगवायच्या टबवर वापरली की एक खिडकी उघडते. तिच्यात वीस उभ्या आणि दहा आडव्या रांगांमध्ये दोनशे चौकोन असतात आणि शेजारी उजळ-गडद करणारी पाच पायऱ्यांची सरकपट्टी असते, म्हणजे एकूण हजार छटा. कुठल्याही छटेचा क्रमांक लिहिलेला नसतो. डोळा हेच माप. एक सवलत मात्र आहे: शिवलेला कपडा टबात हव्या तितक्या वेळा बुडवता येतो, त्यामुळे नमुन्याचा एकच पट्टा पुन्हा पुन्हा रंगवून पाहता आला.

तो रंग वांगी आणि जांभूळ यांच्या मधला होता. चौकोन गाठायला वीस मिनिटे लागली, पण सरकपट्टीने खरा घाम काढला, कारण लगतच्या दोन पायऱ्यांमधला फरक पडद्यावर केसाएवढा दिसतो. शेवटी मी माझ्या पात्राच्या अंगावर एकदा जुना पट्टा चढवला, लगेच नवा चढवला, पुन्हा जुना. दोन्हींचे चित्र एकच असल्यामुळे रंगात तसूभर जरी फरक असता, तरी अदलाबदल करताना पट्ट्याच्या घडीत डोळ्याला हिसका बसला असता. सहाव्या की सातव्या अदलाबदलीला काहीच हलले नाही. चौकोन डावीकडून चौदावा, वरून सहावा, सरकपट्टीची तिसरी पायरी, असे मी वहीत टिपून ठेवले.

मग सगळे कापड त्याच टबात रंगवले. कापडाच्या बाबतीत एक पक्की चाचणी आहे. दोन ढीग एकमेकांवर टाकावेत. रंग अगदी एक असेल तरच ते एकत्र होतात, नाही तर वेगळेच राहतात. माझे तिन्ही ताग्यांचे ढीग मुकाट एक झाले. त्या कापडातून मी आठ पट्टे आणि आठ झगे शिवले. प्रत्येकावर शिवणारीचे नाव उमटले होते. आता शंकेला जागाच उरली नाही, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सात जण बँकेपाशी जमले. सगळ्यांनी कपडे चढवले आणि प्रमुख बाईंनी लिहिले की पट्टा अगदी हवा तसा आहे, पण झगा त्या रंगाचा नाही, तो गडद आहे. मी उत्तर दिले की ब्रिटनमध्ये आत्ता रात्र आहे, अंधारात असे दिसणारच. त्या शांतपणे म्हणाल्या की त्यांनी पोशाखाची खिडकी उघडून पाहिले आहे आणि त्या खिडकीला रात्र लागत नाही. ते खरे होते. मी तरीही अडून राहिले. दोन्ही एकाच ढिगाच्या कापडातले आहेत, ढीग एक झाले होते, याहून मोठा पुरावा कुठला, असे मी तीन वेळा लिहिले. माझे म्हणणे अक्षरशः खरे होते आणि तरी समोरची सात माणसे नाखूश उभी होती. त्या चार-पाच मिनिटांत मला जितके अवघडल्यासारखे झाले, तितके खऱ्या ऑफिसात क्वचितच झाले असेल.

आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. साताऱ्यात तिने बावीस वर्षे मॅचिंग सेंटर चालवले. टू बाय टू रुबियाच्या शेकडो छटांची कपाटे, काउंटरवर साडी पसरून बसलेल्या बायका आणि पदर हातात धरून दुकानाच्या पायरीवर उन्हात जाणारी आई, हे माझे लहानपण. ती चहाचा कप ठेवायला आली आणि पडद्याकडे पाहत उभी राहिली.

"हे काय गं, सगळ्यांचे झगे काळवंडलेत?"

"अगं, एकच कापड आहे आई. पट्टा आणि झगा, दोन्ही एकाच ढिगातले."

"असू दे की. रेशमी साडीवर रुबिया देताना तोच रंग देतात होय? रेशीम चमकतं, सुती दबतं. झगा एक पट्टी उतरव. नाहीतर दोन उतरव, बघ काय दिसतं ते."

पट्टी उतरवणे म्हणजे त्याच रंगातली फिकी छटा घेणे. आईला या खेळातले काही माहीत नाही, पण तिने नेमक्या जागी बोट ठेवले. खेळातल्या कपड्यांची मूळ चित्रे करड्या रंगात काढलेली असतात. ज्याला आपण एक छटा म्हणतो ती प्रत्यक्षात गडदपासून उजळपर्यंत बत्तीस पायऱ्यांची ओळ असते. चित्रातला करडा ठिपका जितका काळसर, तितकी त्या ओळीतली गडद पायरी त्याच्या वाट्याला येते. पट्ट्याचे चित्र सपाट आणि उजळ आहे. झग्याला खोल चुण्या आहेत, म्हणजे काळसर ठिपके जास्त. एकाच ओळीतून पट्ट्याने वरच्या पायऱ्या उचलल्या आणि झग्याने खालच्या. ढिगांची चाचणी कापड एक आहे की नाही एवढेच सांगू शकते. माणसाच्या अंगावर ते कापड कसे दिसेल याबद्दल ती मुकी आहे. हे मी वाचलेले होते, पण काम करताना एकदाही आठवले नाही.

मी प्रमुख बाईंची क्षमा मागितली आणि त्यांचाच झगा आधी मागून घेतला. चौकोन तोच ठेवला आणि सरकपट्टी एक पायरी उजळ केली. त्यांनी झगा चढवला. आई म्हणाली, "अजून." दुसऱ्या पायरीला झगा पट्ट्याच्या शेजारी असा बसला की कडेची रेघ नजरेत भरेना. तरी मी त्यांना आठही दिशांना वळून उभे राहायची विनंती केली, कारण पोशाखाच्या खिडकीतले चित्र वेगळे, रस्त्यावर चालणाऱ्या पात्राचे वेगळे आणि पिशवीतल्या कपड्याचे तिसरेच. पाठमोऱ्या असताना झगा किंचित फिका वाटला. पाठीवर पट्टा जवळजवळ झाकलेलाच असतो, तेव्हा तेवढे चालेल, असे त्यांनी स्वतःहून सांगितले.

मग उरलेल्या सहा जणांनी रांग लावली. एकेकाचा झगा व्यवहाराच्या खिडकीतून घ्यायचा, टबात बुडवायचा, परत द्यायचा. यात पाऊण तास गेला आणि मला ऑफिसला उशीर झाला. मजुरी मी ठरल्यापेक्षा कमी सांगितली, प्रमुख बाईंनी ठरल्याएवढीच दिली. जुना पट्टा त्यांना परत करताना मी तो पुन्हा एकदा नव्याशी ताडून पाहिला.

आठवा गडी आठवडाभराने आला. त्याचा झगा मी तोवर रंगवून ठेवला होता. वहीत त्या रंगापुढे आता दोन ओळी आहेत: पट्टा, सरकपट्टी तिसरी; झगा, दोन पट्ट्या उतरून. दुसरी ओळ आईच्या अक्षरात आहे.